खडूच्या खात्यात

ग्वाल्हेरला, कंपूत, आमच्या मुलींच्या शाळेत
प्रयोगशाळेची अलमारी माझ्या ताब्यात.
कपाट नाही, अलमारीच.
आमच्या तीन पिढ्या इथं गेल्या,
एवढे शब्द तर गावानं आमच्याकडून वसूल केलेच.

वरच्या खणात ब्युरेट, स्पिरिटचे दिवे,
बरणीत एक बेडूक, माझ्याहून जुना.
खाली जुलैपासून बारा खोकी,
मोफत वाटपासाठी,
आणि खोक्यांबरोबर एक रजिस्टर.
नाव, वर्ग, तारीख, नग, सही.

आई म्हणायची, बाहेरची.
आत्या म्हणायची, कावळा शिवला.
इथल्या मुली म्हणतात, तबीयत.
वरून आलेल्या पत्रात लिहिलं होतं, सामग्री.

महिनाभर कुणी आलं नाही.
म्हणजे आल्या, दारापर्यंत.
नववीतली शबिस्ता एका आठवड्यात तीनदा आली
डस्टर मागायला.
तिसऱ्यांदा डस्टर हातात घेऊनही उभीच,
ओढणी मागून पुढं, पुढून मागं.
मी हात पुढं केला, डस्टर परत घेतलं,
त्याच्याखाली एक पाकीट धरून पुन्हा दिलं.
दुपारी फक्त डस्टर परत आलं.

रजिस्टर मिटवून ठेवलं मी.
खडूची वही उघडली
आणि लिहिलं: खडू, एक. नववी ब.

मग खडू भराभर संपायला लागले.
खडू दोन, आठवी अ.
खडू पाच, दहावी, प्रात्यक्षिकाच्या दिवशी.
शनिवारी जास्त.
रविवारी शाळेला सुट्टी असते,
बाकी कशाला नसते.

मी दहावीला होते तेव्हा
गणिताच्या पेपरात पुरवणी हवी होती.
पुरवणीला उठून टेबलापर्यंत जावं लागायचं.
आईच्या जुन्या लुगड्याच्या चार घड्या होत्या माझ्याखाली,
आणि त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता.
शेवटचं प्रमेय पाठ होतं मला, अजूनही आहे.
सहा मार्क त्या बाकावरच राहिले.
सगळ्या गेल्यावर मी उठले,
आधी बाक पाहिला, मग दार.

नोव्हेंबरात तपासणीला भदौरियासाहेब आले.
खोकी रिकामी, रजिस्टर कोरं.
आणि खडू, सहाशे अकरा.
"इतनी चॉक?"
एवढ्यात किल्ल्याची अख्खी भिंत लिहून झाली असती, म्हणाले.
मी म्हटलं, आमच्या मुली फार लिहितात.
ते हसले नाहीत.
पाणी प्यायले, बेडकाकडे पाहिलं,
आणि जाताना बजावलं, पुढच्या महिन्यापासून सही,
नाहीतर माल बंद.

मी अलमारीचं कुलूप काढलं.
रजिस्टर खोक्यावर ठेवलं, दोरीनं पेन बांधलं,
आणि मधल्या सुट्टीत मुद्दाम
बाहेर जाऊन चहा पीत बसले,
रोज.

महिनाअखेर पान उलटलं
तर एक्केचाळीस सह्या.
इंदुमती शितोळे. इंदुमती शितोळे.
तिरकी, गोल, घाईची, एकीत वेलांटी चुकलेली,
एकीनं तर शेवटी मी काढते तशी रेघही काढलेली.
एक्केचाळीस हातांनी माझं नाव.

मी चोपन्न वर्षांची आहे.
माझं थांबून दोन वर्षं झाली.
सरकारी कागदावर आता मी
शाळेतली सर्वांत तरुण बाई असेन.
खाली लिहिलं, तपासले, बरोबर आहे.
आणि बेचाळिसावी सही केली, माझीच,
ती तेवढी खोटी वाटली.

मग दिसलं, पानाच्या तळाशी, सगळ्यांच्या खाली,
उजवीकडून डावीकडे जाणारं काहीतरी,
बारीक, शाई थोडी फाकलेली.
ती लिपी मला येत नाही.
कुणाची आहे ते कळलं.

डिसेंबरात साहेबांनी चष्मा चढवून
तिथंच बोट ठेवलं.
हा डाग कसला?

डाग नाही, म्हटलं.
सही आहे.