दोन वाजून दहा

काडेपेटीहून जरासा मोठा,
वजनाला चहातल्या बिस्किटाइतका.
शाणूने त्याचे पाय मोजले, मी पुन्हा मोजले,
वेर्ण्याच्या शेडमध्ये, पंखा बंद करून;
वाऱ्याने झाळ लवकर थिजते, सांधा राखाडी पडतो.

त्याला काहीही सांगायचं तर आधी दोन अक्षरं: ए, टी.
म्हणजे, लक्ष दे.
शाणू म्हणाला, आमची आई म्हणते ना, 'आयक रे', तसं.
आम्ही म्हटलं.
पडद्यावर 'ओके' उमटलं
आणि आम्ही दोघे बाप्ये उगाच हसलो,
पोर पहिल्यांदा बोलल्यासारखे.

पेटी जायची होती कुटबणला,
इनास रिबेलोंच्या शीतगृहात.
अठरा टन सुंगटं, उणे अठरा अंश.
रिबेलोंना कागदच हवा होता:
'फोनवर कोणीही काहीही सांगतो.
कागद खोटं बोलला तर निदान धरून दाखवता येतो.'
म्हणून फॅक्स. रोज रात्री दोन वाजून दहाला,
लाइन मोकळी असते तेव्हा,
पेटीने आपणहून नंबर फिरवायचा
आणि दिवसभराची थंडी लिहून पाठवायची.

खाऱ्या हवेसाठी बोर्डाला लाखेचा हात दिला.
वीज कोसळलीच तर आधी मरायला
एक काचेची नळी बसवली.
खात्याची तार आणि आमचं सर्किट
एकमेकांना न शिवता बोलतील असा
मध्ये सोवळ्यातला ट्रान्सफॉर्मर.
सगळं केलं.
नंबर भरताना एकाच्या जागी सात भरला.
कोणी भरला, हे शाणूचं आणि माझं
अजून ठरलेलं नाही.

कागद येत नाही, रिबेलो म्हणाले.
आम्ही टेलिफोन खात्याला दोष दिला.
तेव्हाची रीतच ती.

मग एका सकाळी शीतगृहाचं दार उघडलं
तर पायांवर पाणी आलं.
वास मी सांगत नाही.
विमेवाला विचारत होता, वीज नेमकी कधी गेली?
रखवालदार म्हणे पहाटे. तो झोपला होता, हे त्याच्या गालावरच्या वळाने सांगितलं.

तो सातवाला नंबर निघाला वेळ्ळीत,
आल्दा कुलासो, वय एकाहत्तर.
पायरीवर बसून चिंच सोलत होती.
'तो तुमचा?' ती म्हणाली. 'रातचो बेबो?'
बेडूक म्हणत होती त्याला.
अर्धा सेकंद सूर, तीन सेकंद गप्प, पुन्हा सूर.
पहिल्या रात्री तिने त्याला शिव्या घातल्या,
दुसऱ्या रात्री पोलिसांची भीती घातली,
तिसऱ्या रात्री विचारलं, जेवलास?
मग चर्चच्या कॅलेंडरवर
ती रोज पेन्सिलीची फुली करू लागली,
म्हातारपणी कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून.
एकोणीस फुल्या.
आणि एक कोरा चौकोन.
'मंगळारा तो येवंक ना,' ती म्हणाली.
'मी तीनपर्यंत जागी होते.'

म्हणजे दोन वाजून दहाच्या आधीच.
उन्हात उभा राहून मला कळलं
आम्ही काय विसरलो होतो:
ज्या विजेचं मरण कळवायचं
तिच्याच ताटात तो जेवत होता.
बॅटरी नव्हती.

विमेवाल्याने कॅलेंडरची झेरॉक्स काढली,
वरच्या संतासकट.

आता आत बॅटरी आहे, साताचा एक केला आहे,
रिबेलोंकडे कागदाची गुंडाळी संपत राहते.
निघताना आल्दा एवढंच म्हणाली होती,
दोनला नको, सकाळी सहाला कर, मिसाच्या आधी,
मी तशीही उठलेली असते.

दुसऱ्या कप्प्यात तिचा नंबर ठेवलाय.
दोन रिंगा, मग ठेवून दे.
उचलू नका, असं तिला तीनदा सांगितलं.
पेटीच्या नोंदीत दिसतं,
ती पहिल्याच रिंगला उचलते.

माहितीपत्रकात त्या नंबरापुढे मी लिहिलंय: चाचणी.