एक काना

कसबा बावड्यात, कोर्टाबाहेर
पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल, माझं मशीन,
‘ल’ची कळ झिजून गुळगुळीत.
सदर, इसम, नमूद, कामी...
हे शब्द कुणाच्याच घरात बोलत नाहीत
आणि सगळ्यांच्या भानगडी त्यांतच मावतात.

बायाक्का मगदूम आली, हातात दुधाची रिकामी किटली.
“पहाटं उठलो. धारंला बसणार, तवर
खुडबुड आली म्हणून भाईर आलो,
तर ह्यो दावं कापून म्हस घिऊन चाललाय.
मी बगितलो. ह्या डोळ्यांनी बगितलो.”

मी टाइप केलं :
मी पहाटे उठले. मी बाहेर आले.
सदर इसमास मी समक्ष पाहिले.

मग नियमाप्रमाणं वाचून दाखवलं.
ती ऐकत होती,
परगावी आपल्याच नावाच्या
दुसऱ्या बाईला कुणी हाक मारावी, तशी.
“कोण आली?”
तुम्ही.
“मी न्हाई आले. मी आलो.”

वकील हसले. मी समजावलं,
अक्का, बाईमाणसाचं असंच लिहितात सगळीकडं.
“सगळीकडं कोन हुतं?
गोठ्यात मी हुतो.”

शाई लावलेला अंगठा
तिनं तसाच वर धरून ठेवला.

फरक एका कान्याचा.
तिला काना वाचता येत नाही,
तिला कान आहे.

आणि तिचा ‘आलो’ तरी तिच्या एकटीचा कुठं?
नळावरच्या, शेणीच्या ढिगामागच्या,
भांडणात कमरेला हात लावून उभ्या राहणाऱ्या
सगळ्या बायकांचा तो.
माझाही होता. मी गडमुडशिंगीची.
टायपिंगच्या परीक्षेला
पुण्याच्या बाईंसमोर पहिल्यांदा ‘गेले’ म्हणाले
आणि कुणीतरी जिभेवरून
चपला हातात घेऊन, आवाज न करता उतरलं.
अजून आई फोनवर विचारते, जेवलीस?
जेवलो, म्हणते मी, दार लोटून घेऊन.

म्हैस मात्र दोन्हीकडं म्हैसच.

पेनानं दोन ठिकाणी काना ओढला.
‘पाहिले’ तसंच राहिलं, त्याला माझा इलाज नव्हता.
वकील म्हणाले, वर चूक काढतील.
काढू देत.
खाली छापील ओळ होतीच :
माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.
अंगठा टेकवायच्या आधी ती म्हणाली,
“म्हण आता परत. मोठ्यानं.”

मी आलो, मी वाचलं.

चहाचे ग्लास गोळा करणाऱ्या पोरानं
मान वर केली :
“कुठनं?”