डावा, बाहेरचा

अंड्यातून निघून चार तास झालेले नसायचे.
अजून ओलसर, मुठीत धरावं तर मुठीतल्या उबेएवढंच.
ताताय पिल्लाचा पाय दोन बोटांत धरायचा,
बोटांमधला पातळ पडदा उजेडाकडे ताणायचा
आणि छोट्या पंचानं — टच्च.
डावा पाय, बाहेरचा पडदा : राखी कोंबडीचा वंश.
उजवा, आतला : तिओफिलोकडून आणलेल्या पिवळ्या पायांचा.
पिल्लू ओरडायचंही नाही नीट.
डोळे आम्ही मिटायचो.

माझ्या तिसरीच्या गणिताच्या वहीची मागची पानं त्याची.
कोण कोणाची, कुठल्या महिन्यात रवण घातली,
किती अंडी दिव्यापुढे धरल्यावर पोकळ निघाली.
आमच्या जन्मतारखा विचारल्या
तर तो आईकडे बघायचा.

मागे ऊस. उसाच्या कडेनं पत्र्याच्या तिकोनी खोपी,
प्रत्येक खोपीपुढे एक कोंबडा, पायाला दोरी.
दोरीची लांबी ठरलेली :
शेजारी दिसावा, पोचू नये.
"माणसांचीही घरं अशीच बांधायला हवी होती," आई म्हणायची.
मामाची भिंत आमच्या भिंतीला लागून होती.

रविवारी एकाला काखेत घेऊन तो निघायचा,
तापातलं मूल दवाखान्यात न्यावं तसा.
संध्याकाळी कधी दोन परत यायचे,
एक काखेत, एक हातात उलटा लटकलेला.
कधी नुसती रिकामी काख.
दुसऱ्याचा मेलेला असला की
कच्ची पपई, शेवग्याचा पाला, आलं,
आणि आम्ही तीनदा वाढून घ्यायचो. चिवट मांस.
मी वाडग्यात आधी पाय शोधायचो,
कुठल्या पडद्याला भोक आहे,
कोणी उजेडाकडे धरलं होतं याला.

कोंबडे त्यानं विकले, वाटले, हरले.
कोंबडी कधीच नाही.
"रंग बापाचा येतो," सांगायचा,
"पाय मागे न घेणं आईचं."
आई तांदूळ निवडत राहायची.

मग एका सकाळी मक्याचा डबा हातातून पडला
आणि मागोमाग तो.
उजवं अंग गेलं, वाचा गेली.
कोंबडे धावले नाहीत, दोऱ्या होत्या.
मोकळी फक्त राखी. ती त्याच्या छातीवर चढली
आणि शर्टाच्या घडीतले दाणे टिपत बसली.

बाकोलोदच्या दवाखान्याचं बिल तीन पानी.
व्हिलाफ्लोर आला, पांढरा टेम्पो घेऊन,
मागे बावीस खोकी, प्रत्येकाला श्वासाची भोकं.
मी कोंबडे मोजत गेलो, तो नोटा.
शेवटी बुटानं माती उकरत म्हणाला, "आणि ती?"

राखी खुराड्यापाशी होती. एका डोळ्यात फूल पडलेलं.
"म्हातारी आहे. अंडी देत नाही.
उद्या रस्सा करणार आहे."
त्यानं एक आकडा सांगितला.
बिलाचं दुसरं पान जवळजवळ पूर्ण.
मी पुन्हा रस्सा म्हणालो.
तो हसला. त्याच्याही घरी अशी एक असणार,
रोज उद्या रस्सा होणारी.

दुसऱ्या दिवशी गल्ली आठपर्यंत झोपून राहिली.
मामाची कारखान्यातली पाळी हुकली,
शिव्या भिंतीतून आल्या.

खाटेपाशी बसून तातायला सगळं सांगितलं, आकड्यांसकट.
रागावला का, कळेना.
अर्ध्या चेहऱ्यावरून काय कळणार?
मग चालत्या हातानं त्यानं माझा डावा पंजा ओढला,
करंगळीजवळची कातडी
खिडकीच्या उजेडाकडे ताणली
आणि नख रुतवलं.

मी ओरडलो नाही.

खाटेखाली गोणपाटावर राखी खुडूक बसली होती,
हात घातला तर चोच मारत होती.
पोटाखाली सात अंडी,
जी ती देत नव्हती.
कोंबडा कुठला, ते वहीत लिहायचं राहिलंय.