पोहऱ्यात काय येतं

पुन्ता अरेनासचा वारा दार वाजवत नाही,
म्हणून आमच्या लोकरीच्या गोदामात
प्रत्येक कागदावर एक दगड असतो.
सर्व्हरवर काय ठेवायचं, हा प्रश्न
ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर आला.
हिशेब मीच लिहिते, प्रिंटरही मीच उघडते,
दोन ब्रुनोंच्या मते ही दोन्ही कामं एकच.

शेजारच्या खेकडे डबाबंद करणाऱ्यांचं आधी झालं होतं.
एका सोमवारी सगळ्या फायलींची नावं बदलली
आणि पडद्यावर एक पत्र पैसे मागत बसलं.
त्यांनी दिले. फायली आल्या,
निम्म्या.
तिथली मिरियाना अजून पगार बोटांवर मोजते.

पहिला विक्रेता सांतियागोहून आला,
बुटांवर अजून राजधानीची चमक.
त्याचा सगळा माल ढगात राहायचा.
दोन ब्रुनोंनी खिडकीकडे पाहिलं, म्हणाले,
इथले ढग दुपारपर्यंत अर्जेंटिनात असतात.

दुसऱ्याने एक काळी पेटी आणली, जिन्याखाली ठेवायला.
रोज रात्री दोन वाजता ती सर्व्हर गिळणार.
आणि लॅपटॉप? ते तर मेंढपाळांच्या वाड्यांवर फिरतात.
त्याची किंमत वेगळी.
आणि जिन्यालाच आग लागली तर?
त्याचीही.

तिसरी व्हिडिओवर होती, सर्दी झालेली,
मधेमधे माफी मागून नाक पुसणारी,
रोसियो की असंच काही नाव.
तिला मी म्हटलं: बाई,
आडात भरपूर आहे हे सगळेच सांगतात,
मला पोहऱ्यात काय येतं ते दाखवा.
ती म्हणाली, मग काहीतरी पुसा.

घोडामैदान जवळच होतं.
मी गेल्या हंगामाची तक्ता-फाईल पुसली,
गासड्या, वजनं, धाग्याची जाडी, सगळी.
ऑफिसात कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.
अकरा मिनिटांनी फाईल परत आली,
फक्त न्युन्येस आडनावाच्या जागी
दोन प्रश्नचिन्हं.
मला ती दिसण्याआधी तीच म्हणाली,
हे बिघडलंय, उद्या दुरुस्त करते.
तिथेच माझं ठरलं, पण मी
किमतीवर आणखी तासभर घासाघीस केली.

पैसे यंत्रामागे, दरमहा.
सर्व्हर दोन. लॅपटॉप नऊ.
मी दहा लिहिले.

दहावा एलिसेओचा.
तो मार्चमध्ये गेला, लोकर पारखणारा,
चिमूट डोळ्यांजवळ न नेताच जात सांगायचा.
त्याच्या नोंदी कुठल्याच तक्त्यात बसत नव्हत्या:
'या गासडीला धुराचा वास.'
'या वाडीची म्हातारी दोन किलो वाढवते, वाढवू दे.'
'पाऊस नव्हता, मग ओली कशी?'
तीस वर्षं.

दोन ब्रुनो यादीवरून पेन फिरवत गेले,
दहाव्या ओळीवर पेन थांबलं.
मेलेल्या माणसाचा महिना भरायचा?
मी काही बोलले नाही.
त्यांनी दगड उचलला, सही केली,
दगड परत ठेवला.

मग सॉफ्टवेअरने विचारलं,
बंद यंत्राची प्रत किती दिवस ठेवू?
तीस, नव्वद, एक वर्ष, कायम.
चार शब्दांच्या त्या यादीपुढे
मी कॉफी थंड होईपर्यंत बसले,
हिशेब लिहिणारी बाई,
जिने आयुष्यात कधी 'कायम' या खात्यावर खर्च टाकला नव्हता.

पहिल्या रात्री त्रेसष्ट टक्क्यांवर वीज गेली.
सकाळी मेल होती:
अकरा यंत्रं पूर्ण.
एक यंत्र प्रतिसाद देत नाही.

मी कपाट उघडलं.
चार्जर त्याच्या कोटाच्या खिशात सापडला,
कोट कोणी नेलाच नव्हता.
दिवा लागायला वेळ लागला.
तोवर मी कळांवरून बोट फिरवलं,
सगळ्यांत जास्त ए आणि एस,
अजून लोकरीच्या तेलाने निसरड्या.
त्यांची प्रत निघत नाही.
मी त्या पुसल्या नाहीत.