पोटखराबा

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मला पाठवलं
शिरूरच्या पुढं, तरवडमाळाच्या मोजणीला.
सोबत साखळी ओढायला बबन गुंजाळ,
प्लेन टेबल, टिपणवही, फिरकीचा तांब्या.

उताऱ्यावर कब्जेदार : लष्कर खातं.
पीक : निरंक.
आणि खाली, कुण्या जुन्या तलाठ्याच्या तिरक्या हातानं,
पोटखराबा. एकशे बारा एकर.

धावपट्टी अजून होती.
डांबराला भेगा, भेगांत कुसळी,
आणि विमानांसाठी आखलेल्या त्या लांबीवर
कुणी वाळत घातलेली लाल मिरची.
बबन म्हणाला, साहेब, एवढी सरळ रेघ
आपण कधी मोजली नव्हती.
खरं होतं.
ओढ्याला वळण असतं, बांधाला भांडण असतं.
हिला दोन्ही नव्हतं.

मिरची राखत बसली होती ठकूबाई मदने.
साखळी ओलांडली नाही तिनं,
वळसा घालून आली.
"इहीर कुठं दावनार हायसा नकाशात?"
कसली विहीर?
तिनं टाच आपटली.
डांबर पोकळ वाजलं.
"धोंडं टाकून बुजवली. त्येच्यावर खडी.
खडी आमच्याच आयांनी फोडली,
पानी तोडून पियाला लागलं तवा कळलं."

मी साखळी खाली ठेवली.

त्रेचाळीस साल. शिकाऊ गोरी पोरं,
काहींना मिसरूडही नाही.
माळाच्या टोकाला चुन्याचं रिंगण आखलेलं,
त्यावर ती बॉम्ब टाकायला शिकत.
खरे नव्हेत. कापडी पिशव्या, आत मैदा,
पडल्यावर पांढरा ढग उठावा
आणि वरून दिसावं, किती चुकलं.

गावात तेव्हा रेशनची ज्वारी,
मापटंभर, त्यात निम्मे खडे.

"आमी परकरातल्या पोरी तरवडीत दडून बसायचो.
लाल निशान खाली आलं की पळायचं.
वरचा मैदा वंजळीनं,
खालचा मातीसकट, घरी पदरातनं चाळून.
सनाबिगर पोळी, साहेब! बिनसनाची!"

नेम बरोबर लागला की तिला राग यायचा.
रिंगणात अधिकारी यायचे टेप घेऊन,
बुटांखाली सगळं तुडवायचे.

"एक जन व्हता, त्याचा नेम कवाच लागला न्हाई.
गवतात पडायची त्याची पिशवी, न फुटता, अख्खी.
आय हात जोडायची वर बघून,
द्येवा, ह्याला शिकू दिऊ नगंस."

शिकला का तो?

ठकूबाईनं मिरची उलथी केली,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.
"नेम बसला की पुढं धाडायचे म्हनं, बर्म्याकडं.
त्ये आमाला काय ठावं."
मग म्हणाली,
"येक दिस पोळी तव्यावर फुगंना. जीब भाजली समद्यांची.
चुना भरला व्हता पिशव्यांत.
कुनीतरी वर कळीवलं आसंल.
त्या दिवाळीला आख्ख्या गावाच्या भिंती पांढऱ्या."
आणि हसली, तीन दातांनी.

पट्टी नऊशे ब्याण्णव मीटर भरली.
विहिरीच्या जागी मी एक वर्तुळ काढलं,
बारीक, शिसपेन्सिलीनं.
कार्यालयात ते खोडलं गेलं.
शेरा : जागेवर विहीर आढळून येत नाही.
क्षेत्र कायम. पोटखराबा कायम.

हा शब्द मी नोकरीत हजारदा लिहिला असेल
आणि एकदाही फोडून वाचला नव्हता.

परतताना बबन दर दहा पावलांवर
टाच आपटून बघत होता.
मी त्याला हटकलं नाही.
मिरचीचा खाट उठला होता,
दोघांच्याही डोळ्यांना पाणी,
आणि वर, कशाचाच आवाज नसताना,
मी दोनदा मान वर केली.