पत्त्याचा रकाना

येऊरला, पाटोणपाड्याच्या अलीकडे
लाडक्या भोयेने अंधारात ताणलेल्या जाळीत
सात वाजता एक लालबुड्या बुलबुल.
कापडी पिशवीत तोलला : एकोणतीस ग्रॅम.

पंखाखाली फुंकर घातली की पिसं बाजूला होतात,
शीर दिसते, शिवणीच्या दोऱ्याएवढी.
एक थेंब, काचपट्टी.
कापूस दाबून मी दहा आकडे मोजते,
तेवढ्यात त्याचं काळीज शंभरदा उडून जातं.
मग मूठ उघडायची.

बावीस वर्षं मलेरियाच्या काचा पाहिल्या मी,
राबोडीच्या, विटाव्याच्या.
सापडला की गोळ्या घेऊन दारात उभं राहायचं,
"मढवी इथेच राहतात ना?"
चहा पाजायचे लोक. काही दार लावून घ्यायचे.

इथे तेलाच्या थेंबाखाली, गिम्साच्या जांभळ्यात
प्रत्येक तांबड्या पेशीला चिंचोका आहे.
माणसाच्या पेशीला नसतो.
आणि त्या चिंचोक्याला वेटोळं घालून
तो, अगदी घरच्यासारखा.

चाळीसात अकरा.
ऐरोलीच्या खाडीकाठी कमी निघाले,
का, ते मॅडम शोधतायत.
नकाशावर ठिपके पडतील.

फॉर्मवर वजन, पंखाची लांबी, कडीचा नंबर.
पत्त्याचा रकाना मीच आखला, सवयीने.
त्यात लिहिलं :
करवंदीची जाळी, पंपहाऊसमागे.

गुरुवारी तिथून जाताना
तारेवर एक बुलबुल भांडत होता कुणाशी तरी.
पायात कडी होती की नव्हती,
उन्हात दिसेना.
थांबले मात्र.
पिशवीत होता फक्त डबा.