राजापुरी म्हटलं की उधारी जाते

मार्केट यार्डातून मगदूम दिवाणजींचा फोन,
मागे हमालांची ओरड, पोती आपटल्याचे आवाज.
"बाई, तुमच्या त्या खिडकीत कायतरी भानगड हाय.
राजापुरी म्हटलं की उधारी जाते.
उधारी म्हटली की राजापुरी."

विश्रामबागेतून स्कूटर काढली.
पेढीत शिरलं की आधी शिंक येते, मग अक्षरं दिसतात.
कीबोर्डच्या फटींत हळद,
माऊस मूळचा कुठल्या रंगाचा ते आता कोणी सांगू शकत नाही.

फॉर्मवर माझे आठ गोल:
राजापुरी, सेलम, कडप्पा.
हळकुंड, गड्डा.
रोख, चेक, उधार.
मध्ये मी जागा सोडली होती, बोटभर, नीट मोजून.
डोळ्याला तीन प्रश्न दिसत होते.
पण यंत्र मोकळी जागा वाचत नाही.
त्याला दिसत होती एका पालकाची आठ लेकरं
आणि एका पालकाखाली
एका वेळी ठिपका एकालाच.

पालक हा शब्द मी घातलेला नाही.
ज्याच्या पोटात बटणं ठेवतो
त्याला आमच्या धंद्यात तसंच म्हणतात.

हरभट रोडला जिन्याखाली आप्पांचा गाळा होता,
रेडिओ दुरुस्तीचा.
जुन्या सेटला दातांसारख्या पाच पांढऱ्या कळा,
एक आत गेली की आधीची खट् करून बाहेर.
या गोलांना रेडिओ बटण म्हणतात ते त्या खट् वरून.
मी विचारायची, दोन एकदम दाबल्या तर?
ते म्हणायचे, मग बातम्याही कळत नाहीत
आणि भजनही.

त्या जूनमध्ये अभय पुण्याला गेला शिकायला.
फी एकाचीच होती.
आप्पा मला काहीच बोलले नाहीत.
डाक लावल्याचा वास,
आणि एका स्प्रिंगवर बोट धरून
ते बराच वेळ तसेच बसलेले.
मी संध्याकाळचा क्लास लावला, टिळक चौकात.
त्यावर भाकरी चालली आहे, चांगली चालली आहे.

दिवाणजींच्या शेजारी बसूनच तीन चौकटी ओढल्या.
वाण एकीत. आकार दुसरीत. पैसा तिसरीत.
बटण नुसतं चौकटीवर ठेवून भागत नाही,
उचलून आत घालावं लागतं.
चौकट सरकवून बघायची:
सोबत सरकलं, तर ते त्या घरचं.
कडप्पा जागचा हलला नाही.
पुन्हा उचलला, पुन्हा घातला.

दिवाणजींनी एका बोटाने राजापुरी दाबलं.
मग हळकुंड. मग उधार.
तिन्ही राहिले.
ते चष्मा कपाळावर नेऊन जवळून बघत राहिले,
कोणी मागे सरतंय का म्हणून.
"आता कसं," म्हणाले,
"माल वेगळा, पैसा वेगळा.
घेणारा माणूस तिसराच असतोय."

मग विचारलं, सकाळी उघडलं की ठिपका कशावर असेल?
"रोखीवर ठेवा," आतून मालक.
"उधारीवर," दिवाणजी हळूच, "खरं तेच हाय."
मी कशावरच ठेवला नाही.
पहिलं बोट ज्याचं त्याने टेकवावं.
इतकंच, की एकदा टेकवलं
की 'कुठलंच नाही' इथवर परत जाता येत नाही.
बदलता येतं. कोरं होता येत नाही.

जिना उतरते तोवर अभयचा फोन.
आप्पांचं आता काय करायचं,
तुझ्याकडे की माझ्याकडे?
तो नेहमी दोनच गोल काढतो.
आप्पांना हरभट रोडचा गाळा अजून सोडवत नाही,
बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसतात,
हा तिसरा त्याच्या चौकटीत नाही.

म्हटलं, थांब जरा, हात धुते.
नळाखाली धरले, साबण लावला, पुन्हा लावला.
पाणी पिवळं जात राहिलं.
बोटं तशीच.
"ऐकतेयस ना?" तो म्हणत होता.